एकट्यापुरती रजई

सुगराच्या दुकानात बाई आली की सुगरा आधी तिचं मनगट बघायची, तोंड मागाहून. हात मऊ आहे की राठ, अंगठ्याजवळचं हाड किती आडदांड, बांगडी सरळ चढेल की साबणाचा हात लावावा लागेल, हे तिला लांबूनच कळायचं. तिच्या सासूच्या म्हणण्याप्रमाणे तिला जगातलं तेवढंच कळायचं.

सासू, हमीदन, दुकानामागच्या खोलीत पडद्याआड बाजेवर असायची. कमरेतून अधू झालेली. उठवायला, बसवायला, न्हाणीघरात न्यायला सुगराच लागे. पण जिभेला काही झालं नव्हतं. हातात तसबीची माळ फिरत असायची आणि मधूनच दुकानातल्या सौद्यावर शेरा यायचा, "एवढी घासाघीस करतेय, तर हिला बाजारात आणली कुणी?" गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबायची पद्धत तिच्यात नव्हती. सुगरा मोठ्याने खोकून ते झाकून टाकायची.

थंडीचे दिवस होते. जयपूरला थंडीत बाजार फुलतो आणि मनिहारांच्या, म्हणजे बांगडीवाल्यांच्या, रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. सुगराचा नवरा यामीन माल पोचवायला अजमेरला गेला होता, संध्याकाळपर्यंत येणार होता. सुगरा एकटीच शेगडीसमोर बसून लाखेची कांडी निखाऱ्यावर फिरवत होती, तेवढ्यात तिघं जण आले. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात मफलर घातलेला नवरा, त्याची बायको आणि काठी टेकत येणारी त्याची म्हातारी आई. पिशव्या इतक्या होत्या की सकाळपासून बाजारच पालथा घातला असावा.

"मांजी, तुम्ही इथं टेका," सुगराने भिंतीकडचं स्टूल पुढे केलं.

म्हातारी बसली. एवढीशी होती. डोक्यावरून पदर, फिक्या रंगाचं पातळ, मनगटं पाखराच्या पायांसारखी. बायकोने, म्हणजे ममताने, लाल आणि हिरव्या बांगड्या मागितल्या. स्वतःला एक जोड, मंदसौरला राहिलेल्या लेकीला एक. सुगराने लाख लांबवली, लाकडी ठोकळ्यावर वळवली, चिमट्याने खडे बसवले. मुलगा, घनश्याम, मात्र बांगड्यांकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता.

"अम्मा, तुला काय आवडतंय ते सांग."

"मला काय करायच्यात बांगड्या? तुझे वडील गेले तेव्हाच फुटल्या त्या."

"बांगड्या नाही गं. ही आरशाची डबी बघ. किंवा ती मोरांची. आज कशाला नाही म्हणायचं नाही."

"घ्या ना अम्मा," ममताही म्हणाली. "तुळशीची माळ ठेवायला होईल."

आणि म्हातारीने हो-नाही म्हणायच्या आत ममताने डबी उचलून पिशवीत टाकलीसुद्धा.

सुगराचा हात क्षणभर थांबला. सासवा-सुना तिच्याकडे रोज यायच्या. सासूने बोट दाखवलं की दुसरीकडेच बघणाऱ्या सुना तिला माहीत होत्या. सुनेने उचललेली जोडी 'भडक आहे' म्हणून परत ठेवायला लावणाऱ्या सासवाही माहीत होत्या. पण सासूने बोट दाखवण्याआधीच पर्स उघडणारी सून तिने बघितली नव्हती.

पडद्याआडून आवाज आला, "सून असावी तर अशी! ऐकतेस ना गं सुगरा?"

सुगरा खोकली.

लेकीच्या बांगड्या जुळवायला वेळ लागणार होता. दरम्यान त्या दोघांना बापू बाजारातून मोजड्या घ्यायच्या होत्या. म्हातारीचे गुडघे आता पुढे यायला तयार नव्हते.

"दीदी, ह्यांना इथं थोडा वेळ बसू द्याल?" ममताने विचारलं. "आम्ही गेलो आणि आलोच. पिशव्याही इथंच ठेवते."

"बसू देत की. दुकान काय पळून जातंय?"

ती दोघं गेली. सुगराने दोन कप चहा केला आणि जरा संकोचून विचारलं, "मांजी, आमच्याकडचा चहा चालेल ना?"

"कपाला काय जात असते? दे."

रामकन्याबाई, म्हणजे ती म्हातारी, फुंकर घालत चहा प्यायली. मग पडद्याकडे हनुवटी करून म्हणाली, "आत कोण आहे? तोंडाची खरी दिसते."

"माझ्या सासूबाई. कमरेने अधू आहेत."

"आत बसले तर चालेल? इथं वारं लागतंय."

सुगराने पडदा सारला. पिशव्याही आत नेऊन ठेवल्या. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"नशीब काढलंत हो बाई," हमीदन म्हणाली. "ह्या वयात पोरं बाजार फिरवतायत. आम्हाला न्हाणीघरापर्यंत न्यायचं म्हटलं तरी आमची सून तोंड वाकडं करते."

"अम्मी!"

"खोटं आहे का?"

रामकन्याबाई हसली नाही. तिने एक पिशवी पुढे ओढली आणि आतली रजई बाहेर काढली. पानाफुलांची छपाई केलेली, हाताला कापसासारखी हलकी जयपुरी रजई. "बघा," ती म्हणाली.

"छान आहे की," सुगरा म्हणाली.

"केवढी आहे ते बघ. एकट्यापुरती." मग तिने दुसरी पिशवी उलटी केली. एकाच फिक्या रंगाची तीन पातळं. त्याखाली स्टीलचं नवंकोरं ताट, एक पेला, एक वाटी. "हे ताट सकाळी घेतलं. मी काठी टेकून उभी होते, आणि माझा मुलगा दुकानदाराकडून ताटावर नाव कोरून घेत होता. मला वाचता येतं. माझं नाव आहे, रामकन्या देवी. घरी सगळ्या ताटांवर माझ्या सासऱ्याचं नाव आहे. आपल्या घरात आपल्या ताटावर आपलं नाव कशाला लागतं गं?"

सुगराला काही कळेना. हमीदनची तसबी मात्र थांबली होती.

"कुठं नेतायत?" हमीदनने विचारलं.

"उद्या वृंदावनला. दर्शनाला म्हणून. दर्शनाच्या माणसाला रजई लागते का हो? घरी रजयांनी पेटी भरलीय. काल हॉटेलात सून फोनवर कुणालातरी सांगत होती, खोली तळमजल्यावरचीच द्या, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून." ती जरा थांबली. "काळजीनेच सांगत होती. वाईट नाही ती. सकाळपासून दोघं माझ्याशी इतकी गोड वागतायत की मला घास गिळवत नाही. जे घेतात ते एकच घेतात. एक पेला, एक वाटी, एक चादर. बोकडाला हार घालून मिरवतात ना, तसं मला बाजारभर मिरवतायत."

"मग सांगा ना मुलाला, नाही जायचं म्हणून," सुगरा म्हणाली.

"सांगेन की. मी सांगेन आणि तो रडेल. लहानपणापासून रडका आहे. आणि तो रडला की मी हो म्हणते."

बाहेर कुणी बांगड्यांचा भाव विचारून गेलं. सुगरा उठली नाही.

"एक काम कर माझं," रामकन्याबाई म्हणाली. "ती दोघं आली की सांग, अम्मा गेली. कुठं गेली ते माहीत नाही."

"या अल्ला! असं कसं सांगू?"

"थोडाच वेळ गं. शोधू दे मला एकदा. घरात मी कुठं बसलेय, जेवले का, कुणी बघत नाही. सगळ्यांना माहीत असतं, मी त्या कोपऱ्यात आहे. एकदा नाहीये असं होऊ दे."

सुगराने सासूकडे बघितलं. आता ही काहीतरी तिखट बोलेल आणि सुटका होईल असं तिला वाटलं. हमीदन बाजेवर जरा सरकली, जागा केली आणि म्हणाली, "पाय वर घ्या बाई. थंडी आहे."

घनश्याम मोजड्यांची पिशवी घेऊन आला तेव्हा सुगरा शेगडीसमोर होती. "अम्मा कुठाय?"

"त्या? त्या तर केव्हाच गेल्या. पिशव्या घेऊन उठल्या. मला वाटलं, तुमच्याकडेच निघाल्या."

बोलताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. 'हा रंग कधी जायचा नाही' हे गिऱ्हाइकाला सांगताना जसा आवाज लागतो, तसाच लागला होता. घनश्यामच्या तोंडावरचं रक्त उतरलं. तो वळला आणि गर्दीत धावला. ममता मागोमाग.

पहिल्यांदा सुगराला थोडं बरंही वाटलं. शोधा म्हणावं. पण गल्ली लांब होती आणि ती दोघं पुन्हापुन्हा तिच्यासमोरूनच जात होती. घनश्याम प्रत्येक दुकानात शिरत होता, "एक म्हातारी बाई, काठी आहे, फिकं पातळ," म्हणत होता. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मफलर नव्हता. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला दम लागला होता. त्याने आपला नंबर छापलेलं कार्ड सुगराच्या हातात दिलं. "दिसली तर फोन करा बाजी. तिला रस्ता ओलांडता येत नाही. उजव्या डोळ्याने तिला दिसत नाही हो." हे सांगताना त्याचा आवाज फुटला. सुगराला म्हातारीने डोळ्याचं काही सांगितलं नव्हतं.

समोरच्या गोटापट्टीच्या, म्हणजे जरीच्या किनारींच्या, दुकानातले कैलाशजी गल्ला बंद करून उतरले. त्यांनी चार माणसं चार दिशांना पाठवली आणि देवळातल्या लाऊडस्पीकरवरून नाव पुकारायला लावलं. "मंदसौरच्या रामकन्या देवी, आपण जिथं असाल तिथं थांबा." ते नाव गल्लीभर घुमलं. पडद्याआड नक्कीच ऐकू गेलं असणार. पण पडदा हलला नाही.

मग ममता आली आणि मघाच्या त्या स्टुलावर मटकन बसली. एका हातात सुगराने भरलेल्या लाल बांगड्या.

"पाणी घ्या दीदी," सुगरा म्हणाली.

"मीच म्हटलं, बसवून जाऊ या. माझ्यामुळेच." ती रडत नव्हती. नुसती बोलत होती, समोर कुणी नसल्यासारखी. "सहा वर्षं मी करतेय त्यांचं. धाकट्या दिराने एक दिवस नेलं नाही. मोठी नणंद फोनवर सांगते, अम्माला दूध द्या, अम्माला फळं द्या. रात्री तीनदा उठते मी. माझी स्वतःची पाठ गेली. परवा त्या न्हाणीत पडल्या, मी उचलायला गेले आणि माझ्याही पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तिथं फरशीवर बसून मी म्हटलं, देवा, सोडव रे आता." तिने सुगराकडे बघितलं. "त्यांना नव्हे हो. मला सोडव. पण देवाने काय ऐकलं बघा."

ममतापासून दोन हातांवर तो पडदा होता. त्याच्यामागे एक अख्खं माणूस श्वास रोखून बसलं होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरं. फरशीवर बसून देवाला असंच काहीतरी सुगरानेही म्हटलं होतं. एकदा नाही.

गल्लीतली गर्दी तोवर दुकानापाशी गोळा झाली होती. ओळखीचे चेहरे मागे पडले होते, अनोळखी पुढे आले होते. कुणीतरी विचारलं, "शेवटची दिसली कुठं?"

"इथंच. ह्या मनिहारणीच्या दुकानात."

"मग आत बघा की. म्हाताऱ्या बाईच्या अंगावर काही सोनंनाणं असेल."

ते बोलणारा पोरगेला माणूस कुणाचा कोण होता. पण त्या वाक्यानंतर लोक एकमेकांकडे बघायला लागले. नेमका तेव्हाच यामीन रिकाम्या पेट्या घेऊन गल्लीत शिरला. आपल्या दुकानासमोर एवढे लोक बघून त्याने पेट्या खाली ठेवल्या आणि सुगराकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचे डोळे एवढे घाबरलेले तिने पाहिले नव्हते. चौकीवरचा हवालदारही घनश्यामला घेऊन येताना दिसला. कैलाशजी पुढे झाले, "अरे, वाट द्या, वाट द्या. ही आपली घरची माणसं आहेत." कुणी वाट दिली नाही.

सुगरा उठली. हवालदाराने काही विचारायच्या आत ती म्हणाली, "आत आहेत. बऱ्या आहेत. आत आहेत." आणि तिने पडदा बाजूला केला.

बाजेवर दोघी म्हाताऱ्या एकाच शालीत बसल्या होत्या. घनश्याम "अम्मा!" म्हणून आत झेपावला आणि जमिनीवर गुडघे टेकून त्याने आईचे पाय धरले. रामकन्याबाईने पाय ओढून घेतले.

"हवालदारसाहेब," ती म्हणाली, "हा कोण आहे? मी ह्याला ओळखत नाही."

हवालदाराने घनश्यामकडे पाहिलं, मग यामीनकडे, मग सुगराकडे. "काय प्रकार आहे बाई हा? तुम्ही तर सांगितलंत, निघून गेल्या."

रामकन्याबाई सुगराकडे बघत होती. एकच डोळा पाहत होता हे आता कळत होतं. त्या डोळ्यात विनवणी नव्हती, नुसती वाट बघणं होतं. सुगराच्या मागे गर्दी होती, नवरा होता, शेगडी होती, सासऱ्याच्या बापापासून चालत आलेलं दुकान होतं.

"ओळखतात," सुगरा म्हणाली. "हा त्यांचाच मुलगा. त्यांनी लपवायला सांगितलं म्हणून मी खोटं बोलले. ह्यांना त्याच्याबरोबर जायचं नाही."

म्हातारीने मान फिरवली आणि भिंतीकडे बघायला लागली.

"जायचं नाही म्हणजे?" घनश्याम म्हणाला, आणि खरोखरच रडायला लागला. मोठा, मफलर हरवलेला माणूस, लोकांसमोर, नाक पुसत. "अम्मा, मी काय केलं गं?"

"रडू नकोस," रामकन्याबाई भिंतीकडे बघतच म्हणाली. "आधी हे सांग, ताटावर माझं नाव का घातलंस?"

उत्तर दारातून आलं, ममताकडून. "मी सांगते. वृंदावनला म्हाताऱ्या बायकांचा एक आश्रम आहे. पैसे भरलेत. तिथं ताटं मिसळतात, म्हणून नाव घालायचं असतं." तिला एवढंच बोलता आलं. मग ती म्हणाली, "तुम्ही मघापासून इथंच होता. मी बोलले ते सगळं ऐकलंत."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय! तुझी पाठ गेलीय हे मला आज बाजारात कळलं. एका परक्या बाईला सांगितलंस तेव्हा." म्हातारीने आता मान वळवली होती. "घरी सांगायचं होतंस. मी भांडले असते. तुला काहीबाही बोलले असते. चार दिवस जेवले नसते. मग कदाचित गेलेही असते. पण मला रजई घ्यायच्या आधी विचारायचं होतंत गं."

हवालदार अवघडला. "मांजी, हे घरचं आहे, घरी मिटवा. आता ओळखता ना ह्यांना?"

घनश्याम जमिनीवरच बसून होता. रामकन्याबाईने त्याच्या उघड्या गळ्याकडे बघितलं. "मफलर कुठं टाकलास?"

"पडला असेल."

"वृंदावन नको," ती म्हणाली. "आज नको. मंदसौरला चल."

"चल," तो म्हणाला. "देवाशप्पथ. चल."

हवालदाराने लोकांना पांगवलं. पोरगेला माणूस कधीच नाहीसा झाला होता. कैलाशजींच्या माणसांनी पिशव्या उचलल्या. निघताना रामकन्याबाईने हमीदनचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी पुटपुटली. सुगरासमोरून जाताना ती थांबली नाही. ममता थांबली.

"आमच्या घरातलं आम्ही निस्तरलं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही लोकांसमोर ह्यांची अब्रू घालवलीत. तुमच्या घरी कुणी आहे का अंथरुणावर, म्हणून कळेल तुम्हाला!" मग तिची नजर पडद्याकडे गेली. लेकीच्या बांगड्या घ्यायच्या राहिल्या आहेत हे दोघींच्याही लक्षात होतं, पण कुणी विषय काढला नाही.

यामीनने दुकान त्या दिवशी लवकर बंद केलं. जेवताना तो एवढंच म्हणाला, "कैलाशजी नसते तर काय झालं असतं, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग कशाला केलंस?"

"अम्मी हो म्हणाल्या," असं सांगता आलं असतं, पण तिने ते सांगितलं नाही. हमीदन ताटावर मान खाली घालून बसली होती. त्या रात्री तिने पाणी मागितलं नाही, पाय दाबायला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानात घासाघीस चालली तरी आतून शेरा येईना. एकदा सुगरा आत डोकावली तर सासू स्वतःच बाजेला धरून उठायच्या प्रयत्नात होती, आणि तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता.

"हाक मारायला काय झालं होतं?" सुगरा ओरडली.

"गिऱ्हाईक होतं ना तुझं," हमीदन सौम्यपणे म्हणाली. तो सौम्यपणा सुगराला चटक्यासारखा लागला.

कार्ड अजून गल्ल्यात होतं. शुक्रवारी यामीन नमाजला गेला, तेव्हा सुगराने त्यावरचा नंबर लावला. घनश्यामने उचलला. आवाज ओळखून त्याने फोन आईकडे दिला.

"मंदसौरलाच आहे गं," रामकन्याबाई म्हणाली. "त्याने शब्द पाळला."

"बरं वाटलं मांजी. मला सारखं वाटत होतं की..."

"होळीनंतर जायचं ठरलंय."

"कुठं?"

"तिथंच. मीच म्हटलं. इथं आल्यापासून सगळे माझ्याशी पाहुण्यासारखे बोलतात. सून दार वाजवून आत येते. मुलगा विचारतो, भाजी चालेल ना? पूर्वी मी आहे हे त्यांच्या लक्षात नसायचं, आता मी जात नाही हे त्यांच्या लक्षात असतं. त्यापेक्षा तिथल्या बायका निदान भांडतील तरी."

"मी त्या दिवशी खरं सांगितलं म्हणून तुम्हाला राग आला असेल."

"आला होता. अजून थोडा वेळ गप्प बसायला हवं होतंस." पलीकडे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. म्हातारीने आवाज खाली आणला. "पण गर्दी तुझ्या दारात होती, माझ्या नाही. मला कळतं ते. पुन्हा फोन करू नकोस पोरी. इथं विचारतात, कुणाचा म्हणून."

फोन बंद झाला. सुगरा पडदा सारून आत गेली. हमीदनने तसबी बाजूला ठेवली होती.

"काय म्हणाली?"

"बऱ्या आहेत."

"जाणार आहे का?"

"होळीनंतर. स्वतःच्या मर्जीने म्हणाल्या."

"मर्जी!" हमीदनने ओठ आवळले. मग खिडकीच्या जाळीकडे बघत तिने विचारलं, "माझं करून तुझी पाठ दुखते का गं?"

नाही म्हणायला सुगराने तोंड उघडलं. मग तिला वाटलं, आता ह्या घरात तरी असं गोड बोलणं नको.

"दुखते."

"कधीपासून?"

"मागच्या ईदच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करणार होतात तुम्ही?"

"काही नाही," हमीदन म्हणाली. "ऐकलं असतं."

बाहेर कुणी बाई दुकानाच्या पायरीवरून हाक मारत होती, "अहो, बांगड्या दाखवता का?" सुगराने उत्तर दिलं नाही. ती बाजेच्या कडेवर बसली, सासूच्या पायांशी. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही, राग आला. पाठीपासून तिने सांगायला सुरुवात केली.